अणूची रचना शिकवायचीय? मग आधी मुलांना कॅल्शियमचा रंग विचारा

आठवी, नववी, दहावी, कुठल्याही वर्गात जा आणि विचारा, कॅल्शियमचा रंग कोणता? सगळा वर्ग एका सुरात "पांढरा" म्हणणार, कारण दूध पांढरं, हाडं पांढरी, चुना पांढरा, मेडिकलमधल्या गोळ्या पण पांढऱ्या. मग सांगा की शुद्ध कॅल्शियम हा चंदेरी धातू आहे, पाण्यात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सोडतो, आणि तो तुमच्यापैकी कोणी आयुष्यात बघितलेला नाही. वर्ग दोन मिनिटं गप्प होतो आणि मग प्रश्न सुरू होतात, आपल्याला तेच हवंय.

लगेच पुढचे तीन टाका. सोडियम सुरीने कापता येतो इतका मऊ धातू, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात टाकला तर पेट घेऊ शकतो. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवतात कारण हवेत ३० अंशांच्या आसपास तो आपोआप पेटतो, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बघायलाच नको. क्लोरीन हिरवट पिवळा विषारी वायू, १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रला शस्त्र म्हणून सोडला होता. आणि हे सगळे आत्ता तुमच्या अंगात आहेत, रक्तात, हाडात, घामात, आणि तुम्ही निवांत बाकावर बसलाय. कसं काय?

याचं उत्तर अणूच्या शेवटच्या कवचात आहे, म्हणजे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन ज्या थरांत असतात त्यातल्या सगळ्यात बाहेरच्या थरात, आणि माझ्या मते अणूची रचना शिकवण्याचा सगळा खटाटोप या एका उत्तरासाठी करायचा. अणू तोच, प्रोटॉन तेवढेच, फक्त शेवटच्या कवचातले इलेक्ट्रॉन इकडेतिकडे झाले किंवा वाटून घेतले गेले की सगळा स्वभाव बदलतो. खाली जे लिहितेय ते पाच-सहा तासिकांचं आहे, शाळेत, क्लासमध्ये, नाहीतर घरी स्वतःच्या मुलाला शिकवताना, कुठेही चालेल.

आधी काय करायचं नाही ते सांगते. डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर या क्रमाने सुरुवात करू नका. इतिहास छान आहे, मलाही आवडतो, पण मुलांना अजून अणूचं काही पडलेलंच नसतं तेव्हा चार शास्त्रज्ञांची चार चुकलेली मॉडेल्स डोक्यावर घातली की ती फक्त "फरक स्पष्ट करा" साठी पाठ होतात. तसंच पहिल्या २० मूलद्रव्यांचा तक्ता पहिल्याच दिवशी लिहून द्यायचा नाही. अजून एक गंमत आपल्याकडे आहे, दहावीला विज्ञानाचे दोन भाग, एकात आवर्ती सारणी आणि कार्बनी संयुगं, दुसऱ्यात जीवनप्रक्रिया, बऱ्याच ठिकाणी शिकवणारे पण दोन वेगळे, त्यामुळे पहिल्या भागातला फॉस्फरस आणि दुसऱ्या भागातल्या डीएनएमधला फॉस्फरस एकच आहे हे मुलांना कोणी सांगतच नाही. जीवसृष्टीला लागणारी मूलद्रव्यं घेऊन अणू शिकवला की ही दोन पुस्तकं आपोआप जोडली जातात.

पहिली तासिका वजनाची. फळ्यावर लिहा, माणसाच्या वजनात साधारण ऑक्सिजन ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ३, कॅल्शियम दीड, फॉस्फरस १, आणि उरलेल्या दीड टक्क्यात पोटॅशियम, गंधक, सोडियम, क्लोरीन, मॅग्नेशियम, लोह वगैरे सगळी मंडळी. आता ४० किलोचा एक काल्पनिक विद्यार्थी घ्या आणि गणित करायला लावा. २६ किलो ऑक्सिजन, ७ किलोच्या वर कार्बन, ४ किलो हायड्रोजन, ६०० ग्रॅम कॅल्शियम, ४०० ग्रॅम फॉस्फरस. काल्पनिक विद्यार्थीच घ्या हां, वर्गात कोणाचं वजन विचारायचं नाही, या वयात ते फार लागतं आणि मग पुढचा सगळा तास त्या मुलीचं किंवा मुलाचं लक्ष नसतं.

मग विचारा, शरीरात सगळ्यात जास्त अणू कोणाचे? सगळे म्हणणार ऑक्सिजनचे. इथे अणुवस्तुमानांक (केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होणारा आकडा) आणायचा, मुलांना व्याख्या न सांगता. ऑक्सिजनचा अणू १६, कार्बनचा १२, नायट्रोजनचा १४, हायड्रोजनचा १. टक्केवारीला त्याने भागा. ६५ भागिले १६ म्हणजे ४ च्या जरा वर, १८ भागिले १२ म्हणजे दीड, ३ भागिले १४ म्हणजे ०.२, आणि १० भागिले १ म्हणजे १०. बेरीज पावणेसोळाच्या आसपास, त्यातले १० हायड्रोजनचे, म्हणजे शंभरातले साधारण ६३ अणू हायड्रोजनचे निघाले. वजनात तिसरा आणि संख्येत पहिला! हे मुलांनी स्वतः भागाकार करून काढलं की अणुवस्तुमानांक म्हणजे काय हे परत शिकवावं लागत नाही. पुढे दहावी-अकरावीला मोल येतो तेव्हा पण हाच भागाकार कामाला येतो.

दुसऱ्या तासिकेला सामान लागेल. राजमा, चवळी आणि टिकल्यांची पाकिटं. राजमा म्हणजे प्रोटॉन, चवळी म्हणजे न्यूट्रॉन, टिकल्या म्हणजे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनसाठी बरेच जण मोहरी सुचवतात, कृपा करून घेऊ नका, पंख्याखाली पाच मिनिटांत वर्गभर होते आणि शिपाईकाका चिडतात ते वेगळंच. टिकल्या कागदावर चिकटतात, काढून परत लावता येतात, आणि एका अणूकडची टिकली काढून दुसऱ्याकडे लावता येते हे पुढे फार महत्त्वाचं आहे. कवचं काढायला वाटी, बशी आणि ताट कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, तीन वर्तुळं तयार.

चौघांचा गट करा आणि कार्बन बनवायला सांगा, मधे ६ राजमा ६ चवळी, बाहेर ६ टिकल्या. टिकल्या आत्ता कुठेही लावू देत, कवचांचं नंतर बघू. मग सगळ्यांनी एक राजमा वाढवायचा. काय झालं? नायट्रोजन. चवळी वाढवली तर? कार्बनच, फक्त जड. टिकली काढली तर? तरीही कार्बनच, फक्त विद्युत प्रभार आला, म्हणजे त्याचा आयन झाला. हे तीन प्रश्न उलटसुलट विचारत राहा, कंटाळा येईपर्यंत, कारण "आयन झाल्यावर मूलद्रव्य बदललं" आणि "न्यूट्रॉन प्रोटॉनएवढेच असतात" हे दोन गैरसमज दहावी पास झालेल्या मुलांच्या पण डोक्यात असतात. हायड्रोजन बनवायला लावा म्हणजे दुसरा गैरसमज तिथेच जातो, एक राजमा, एक टिकली, चवळी शून्य.

कागदावरचा हा अणू बघून मुलांना वाटतं की केंद्रक चांगलं मोठं असतं, म्हणून त्याच तासाला मैदानावर जायचं. मैदानाच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा. हे कार्बनचं केंद्रक धरलं तर इलेक्ट्रॉनांचा पसारा साधारण शंभर-सव्वाशे मीटर व्यासाचा होतो, म्हणजे बहुतेक शाळांचं मैदान पुरत नाही, मुलांना कुंपणापर्यंत पळायला लावा आणि सांगा अजून जायचंय. अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्या दाण्यात, कारण इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १८०० पटींहून हलका आहे. आणि हे पण तिथेच सांगून टाका की इलेक्ट्रॉन खरे असे गोल गोल फिरत नाहीत, वर्तुळं ही आपल्या सोयीची आहेत, अकरावी-बारावीला खरं चित्र येईल. एवढं एक वाक्य पुरे, त्यात जास्त शिरू नका.

समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले अणू, याच वेळी उरकायची कारण हातात चवळी आहे. ६ राजमा ८ चवळी म्हणजे कार्बन १४. हा येतो कुठून ते सांगितलं तर मजा येते. वातावरणात वर अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे मोकळे न्यूट्रॉन तयार होतात, तो न्यूट्रॉन नायट्रोजन १४ वर आदळतो, आत शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. मुलांना हातानेच करायला लावा, ७ राजमा ७ चवळीतून एक राजमा काढा, एक चवळी घाला. झाला कार्बन १४. तो कार्बन डायऑक्साइडमधून झाडात, झाडातून गाईत, आपल्यात. प्रमाण अगदी नगण्य, साधारण लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. सजीव मेला की नवीन येणं थांबतं आणि ५७३० वर्षांत निम्मा होतो, यावरून जुन्या अवशेषांचं वय काढतात, विलर्ड लिबीला त्यासाठी १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवताना पण हीच पद्धत वापरली गेलीय. वेळ असेल तर पोटॅशियम ४० पण सांगा, आपल्या अंगातल्या पोटॅशियमच्या साधारण साडेआठ हजार अणूंत एक या जातीचा असतो आणि तो किरणोत्सारी आहे, मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. पोरं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात.

तिसऱ्या तासिकेला कवचं. सगळ्यात आतलं कवच के, त्यात २, त्याबाहेर एल मध्ये ८, मग एम मध्ये १८ पर्यंत पण ते शेवटचं कवच असेल तर ८ च्या वर नाही, एवढाच नियम. आता सजीवांची सहा मुख्य मूलद्रव्यं घ्या आणि टिकल्या नीट लावायला सांगा. हायड्रोजन १. कार्बन २, ४. नायट्रोजन २, ५. ऑक्सिजन २, ६. फॉस्फरस २, ८, ५. गंधक २, ८, ६. कागद फळ्यावर चिकटवा, नायट्रोजनच्या खाली फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या खाली गंधक. शेवटच्या कवचात सारखे इलेक्ट्रॉन असलेले एकाखाली एक आले, आवर्ती सारणीचा तुकडा तयार झाला आणि तो कोणी पाठ केला नाही.

संयुजा, म्हणजे अणू किती बंध करू शकतो, हे शिकवताना विचारायचं एकच, रिकामी जागा किती? ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार, हायड्रोजनला एक कारण त्याचं पहिलंच कवच, तिथे दोनच मावतात. टिकल्या वाटून घेऊन पाणी, अमोनिया आणि मिथेन बनवा, कागद एकमेकांवर थोडे सरकवून सामाईक जागेत दोन टिकल्या, एक याची एक त्याची. आणि मग तिन्ही रेणूंमधल्या एकूण टिकल्या मोजायला लावा. पाण्यात ८ अधिक २, अमोनियात ७ अधिक ३, मिथेनमध्ये ६ अधिक ४. तिन्हीकडे १०. निऑन या कोणाशीच सहसा न जुळणाऱ्या वायूत किती? १०. हा क्षण वाया घालवू नका, दोन मिनिटं थांबा, मुलांनी परत मोजू दे.

"अणूला आठ हवे असतात", "अणू खूश होतो" असं आपण सगळेच बोलतो, बोलायला हरकत नाही, पण एकदा तरी सांगा की अणूला काही हवं-नको नसतं, त्या मांडणीत ऊर्जा कमी असते म्हणून ती टिकते. आणि एखादी हुशार मुलगी विचारेलच की फॉस्फेटमध्ये फॉस्फरसला पाच बंध कसे दाखवतात? तिला सांगा बरोबर पकडलंस, आठचा नियम दुसऱ्या कवचातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनला घट्ट लागू आहे, तिसऱ्या कवचापासून पुढे सूट आहे, कारण अकरावीत. "पुस्तकात नाही" म्हणून गप्प बसवू नका.

यानंतर कार्बन, आणि इथे माझा आग्रह आहे की एक अख्खी तासिका द्या. प्रश्न असा ठेवा: सिलिकॉन २, ८, ४ आहे, शेवटच्या कवचात कार्बनएवढेच चार, शिवाय पृथ्वीच्या कवचात वजनाने साधारण २८ टक्के सिलिकॉन पडलंय, कार्बन त्यामानाने किरकोळ. मग सजीव सिलिकॉनचे का नाहीत? मुलांना गटात बोलू द्या, काहीही सांगू देत. मग एक एक टिकली लावत जा. सिलिकॉनला एक कवच जास्त म्हणून अणू मोठा, सामाईक इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, बंध कमी मजबूत. कार्बन कार्बनला जोडून हजारो अणूंची साखळी टिकते, सिलिकॉनच्या लांब साखळ्या हवेत-पाण्यात टिकत नाहीत, त्याला ऑक्सिजनशी जोडलं जायची ओढ फार. दुसरं, कार्बन ऑक्सिजनशी सहज दुहेरी बंध करतो, कार्बन डायऑक्साइडचे सुटे सुटे रेणू होतात, वायू होतो, आपण तो श्वासातून सोडतो आणि झाडं घेतात. सिलिकॉनचा अणू मोठा म्हणून असा दुहेरी बंध नीट जमत नाही, तो चार बाजूंनी ऑक्सिजनला पकडत जातो आणि तयार होते वाळू. श्वास सोडल्यावर नाकातून वाळू आली असती असं म्हटलं की वर्ग हसतो पण मुद्दा पक्का बसतो. सिलिकॉन सजीवांत नसतंच असं मात्र सांगू नका, भाताच्या तुसात भरपूर सिलिका असते, गवताच्या पात्याने बोट कापतं त्यातही तिचा हात आहे. म्हणजे पात्याला ताठपणा आणि धार द्यायला ती चालते, डीएनएची साखळी करायला नाही.

फॉस्फरस आणि गंधक यांच्यासाठी हर्शी आणि चेस यांचा १९५२ चा प्रयोग घ्या, नववी-दहावीला झेपतो. तेव्हा प्रश्न होता की आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते की प्रथिनांत. प्रथिनांच्या अमिनो आम्लांत गंधक असतं पण फॉस्फरस नसतो, डीएनएमध्ये फॉस्फरस असतो पण गंधक नसतं. म्हणून त्यांनी जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंवर दोन खुणा केल्या, काहींत फॉस्फरस ३२, काहींत गंधक ३५, दोन्ही किरणोत्सारी. मुलांना न्यूट्रॉन काढायला सांगा, फॉस्फरसचे प्रोटॉन १५ म्हणजे १७ न्यूट्रॉन, गंधकाचे १६ म्हणजे १९. मग विषाणूंनी जिवाणूंना लागण केल्यावर मिक्सर लावून बाहेर चिकटलेली विषाणूंची प्रथिनांची टरफलं सोडवली आणि बघितलं की आत काय गेलं. आत गेला मुख्यतः फॉस्फरस, म्हणजे माहिती डीएनएमध्ये. समस्थानिकाचा इतका सुंदर उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही, आणि इलेक्ट्रॉन तेवढेच असल्यामुळे विषाणूला फरकच कळला नाही हा मुद्दा तर थेट आपल्या धड्याचा. (हर्शीला १९६९ ला नोबेल मिळालं, मार्था चेसला नाही. मुली हे बरोबर लक्षात ठेवतात.) गंधकासाठी अजून एक, केसांच्या प्रथिनात गंधक-गंधक असे बंध असतात, पार्लरमध्ये केमिकलने केस कायमचे कुरळे करतात तेव्हा ते तोडून नव्या जागी परत जोडलेले असतात. जळलेल्या केसांच्या त्या घाण वासात पण गंधकाच्या संयुगांचा वाटा आहे. जाळून दाखवायची गरज नाही, सगळ्यांना माहितेय.

आता आयन, म्हणजे आपण सुरुवातीला टाकलेल्या कोड्याकडे. सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. सोडियमच्या कागदावरची शेवटची टिकली काढून क्लोरीनच्या कागदावर लावायला सांगा. सोडियममध्ये प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०, एक धन प्रभार. तो आता २, ८ झाला, पाण्याशी भांडायला त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही. मीठ पाण्यात टाकल्यावर पेट का घेत नाही, तर जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकायचा प्रयोग मात्र प्रयोगशाळा, चष्मा आणि अनुभव असेल तरच, शिक्षकाने स्वतः, मुगाच्या डाळीएवढा तुकडा, मुलं लांब. नाहीतर व्हिडिओ दाखवा, काही बिघडत नाही.

यासाठी सगळ्यात भारी साधन म्हणजे जुलाब झाल्यावर पाण्यात कालवून देतात ते ओआरएसचं पाकीट. प्रत्येक गटाला एक द्या आणि मागचं वाचायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. प्रत्येक नावासमोर मुलांनी लिहायचं, यात कोणते आयन, त्यांची कवचं काय. सोडियम २, ८ आणि पोटॅशियम २, ८, ८, दोघांवर एकच धन प्रभार, मग दोन वेगळे कशाला हवेत? इथे कवचांची संख्या कामाला येते. पोटॅशियमचा आयन एका कवचाने मोठा आहे आणि पेशीच्या पटलातली दारं हा फरक ओळखतात. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि हे टिकवायला पेशी सतत तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेते, त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होतो, ज्यात परत आपला फॉस्फरस. चेतापेशीतला संदेश याच फरकावर चालतो. आणि ग्लुकोज कशाला? आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागे पाणी जातं. १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आली तेव्हा कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर वगैरेचं असंच द्रावण पाजून असंख्य लोक वाचवले. हे सांगताना वर्ग शांत होतो, मुद्दाम सांगा.

मिठाच्या पुडीवर आयोडीन १५ पीपीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम. आयोडीनचा अणुअंक ५३, त्याचं पूर्ण संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) काढायला लावू नका, शेवटी ७ आहेत म्हणजे क्लोरीनचा नातेवाईक एवढं बास. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, ते नसले की गळ्याची गाठ वाढते.

लोहाकडे जाताना सावध. मुलांना नियम आवडायला लागलेला असतो, ती २६ इलेक्ट्रॉन २, ८, ८, ८ असे लावून मोकळी होतात. खरं आहे २, ८, १४, २. आपला नियम २० पर्यंत म्हणजे कॅल्शियमपर्यंत छान चालतो, पुढे नाही, हे सरळ सांगून टाका. लोह शिकवायला शाळेत मिळणारी निळी गोळी हातात असते, तिचं पाकीट वाचा, लोह ६० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे गोळीतल्या क्षाराचं नाही तर त्यातल्या फक्त लोहाचं वजन. त्यातलं लोह फेरस आहे, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गेलेलं. रक्तात ऑक्सिजन धरायला लोह याच रूपात लागतं, तिसरा इलेक्ट्रॉन गेला की ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत नाही. एका इलेक्ट्रॉनने एवढा फरक. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅमच लोह असतं. जमलं तर हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) आणि क्लोरोफिल (पानातलं हरितद्रव्य) यांची चित्रं शेजारी शेजारी दाखवा, दोन्हीकडे चार नायट्रोजनच्या मधे एक धातू, इकडे लोह, तिकडे मॅग्नेशियम. रक्त लाल आणि पान हिरवं, आणि मधला सांगाडा बघा किती सारखा.

इतिहास आता आणा, आता तो रुचतो. इलेक्ट्रॉन १८९७ ला थॉमसनने शोधला, केंद्रक रदरफोर्डने १९११ ला मांडलं, कवचांची कल्पना बोरने १९१३ ला, न्यूट्रॉन चॅडविकने १९३२ ला. आणि फॉस्फरस? १६६९ ला हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने, सोनं मिळेल म्हणून मानवी लघवी उकळून उकळून. शेवटच्या बाकावरची मुलं सगळा धडा विसरतील, हे विसरणार नाहीत, मग त्याला धरूनच विचारा की लघवीत फॉस्फरस येतो कुठून.

परीक्षेसाठी शेवटचं. व्याख्या विचारायच्याच असतात त्या विचारा, पण चाचणीत दोन प्रश्न असे टाका ज्यात इलेक्ट्रॉनवरून कारण काढावं लागेल: सोडियम आयन आणि निऑन दोघांत १० इलेक्ट्रॉन, मग ते एकच का नाहीत? कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांची संयुजा २ का? पाण्यासारखाच रेणू गंधक करेल का, केला तर त्याचं सूत्र काय? (करतो, हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास.) बोर्डाच्या पेपरात संरूपण स्वल्पविराम देऊन लिहायचं, आकृतीत केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉनचा आकडा टाकायचा, कवचांना के, एल, एम नावं द्यायची, पेन्सिलीने काढायचं. यात फुकटचे मार्क जातात. आणि राजमा-चवळी डब्यात भरताना कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, नाहीतर पुढच्या वर्षीचे प्रोटॉन भुंगे खातात.